पलंगाखालचे ठोकळे

आमच्या गल्लीत पुन्हा चेस्टनट पडायला लागलेत. दोन्ही बाजूंना जुनी झाडं आहेत, आणि सप्टेंबर संपत आला की त्यांची तपकिरी, गुळगुळीत फळं उभ्या गाड्यांच्या टपांवर पडतात. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. ही जात खायची नसते, खायची वेगळी असते, हे मला टिलबर्गमध्ये आलो त्या वर्षी शेजारच्या एका शाळकरी मुलीने सांगितलं. मी पिशवी भरून घरी नेत होतो. ती सायकल थांबवून गंभीरपणे म्हणाली, "मेनेर, पोटात दुखेल." मेनेर म्हणजे डचमध्ये साहेब. तेव्हा मला हसू आलं होतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत आमची मुलगी जन्मली. ती जन्मली तेव्हा जिवंत नव्हती. हे वाक्य मी बऱ्याच प्रकारांनी लिहून पाहिलं, लांबवून, दुसऱ्या गोष्टींच्या आडोशाने, पण ते एवढंच आहे. नववा महिना लागला होता. कारण सापडलं नाही. कधी कधी सापडत नाही, असं डॉक्टरबाईंनी सरळ सांगितलं.

मला तेव्हा काय वाटलं, ते लिहावं म्हणून हा कागद पुढे ओढला, आणि पहिली अडचण हीच आली की मला काही वाटलं नव्हतं. बार्शीला माझ्या वडिलांची, आण्णांची, पिठाची गिरणी आहे. दिवसभर पट्टा फिरत असतो. संध्याकाळी आण्णा खटका बंद करतात तेव्हा लगेच शांतता होत नाही, कानांत एक पोकळ जागा तयार होते. समोरच्याचे ओठ हलताना दिसतात आणि शब्द मागून येतात. गेल्या वर्षीची सगळी पानगळ माझ्या कानांत तशी होती. लोक बोलत होते. मी मान हलवत होतो. ऑक्टोबरची परीक्षाही मी दिली, आणि पास झालो. पेपरात काय लिहिलं ते आठवत नाही, पण खिडकीबाहेर खेमेंतेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, माणसं पाठीवर यंत्र बांधून पानं उडवत होती ते आठवतं. ती पानं एका जागेवरून उडून दुसऱ्या जागी जाऊन पडायची.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला. माझी बायको प्राजक्ता पुण्याची. तिला ब्रेडातल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत टेस्टिंगची नोकरी लागली, आणि तिच्या परवान्यावर नवरा म्हणून मी आलो. इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाल्याचं सांगितलं तेव्हा आण्णांनी फोनवर विचारलं, "म्हणजे अजून शिकायचंच आहे?" गिरणीमुळे ते जन्मभर ओरडूनच बोलत आलेत, त्यामुळे तो प्रश्न होता की तक्रार, ते कळलं नाही.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून आम्हाला शहरातल्या कुठल्यातरी वस्तीत जाऊन हातभार लावायचा होता. माझ्या वाट्याला आलं आमच्याच भागातलं समाजकेंद्र. तिथे दर शनिवारी सकाळी कृष्णवर्णीय वडिलांचा एक गट जमतो. ज्यांना मुलं आहेत ते, आणि ज्यांच्या घरी बाळ येणार आहे ते. कुणी सुरिनामचे, कुणी कुरासाव बेटावरचे, कुणी घानाचे, कुणी इथेच जन्मलेले. माझं काम खुर्च्या गोल मांडायचं आणि चहा-कॉफी करायचं. ते झालं की मी किटलीपाशी उभा राहायचो.

गट चालवायचे स्टॅनली. सुरिनामच्या पॅरामारिबोहून तरुणपणी आलेले, रेल्वेच्या कारखान्यात सुतारकाम करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना ओम स्टॅनली म्हणतात. ओम म्हणजे डचमध्ये काका. मी मराठीतच स्टॅनलीकाका म्हणायला लागलो आणि त्यांना ते आवडलं. लहानपणी तिथे त्यांचे शेजारी हिंदुस्तानी, म्हणजे मूळचे भारतातले, होते, म्हणून ते मला "बेटा" म्हणायचे. त्यांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या हातातली साखर टेबलावर सांडली.

गटाची एक पद्धत होती. सुरुवातीला प्रत्येकाने आपली ओळख करून द्यायची, पण नोकरी सांगायची नाही, देश सांगायचा नाही. फक्त मुलांची नावं. "मी स्टॅनली. ग्लेनिस आणि मार्व्हिनचा बाप." एवढंच. ज्याचं बाळ अजून यायचंय त्याने म्हणायचं, "मी अमुक, आणि मी वाट बघतोय." गोल फिरत ओळख किटलीपर्यंत आली की मी म्हणायचो, "मी चहावाला," आणि सगळे हसायचे.

कोफी तेव्हा वाट बघणाऱ्यांत होता. आई-वडिलांबरोबर घानाहून इथे आला तेव्हा तो चालायलाही लागला नव्हता. शहराबाहेरच्या गोदामात फोर्कलिफ्टने मालाची पॅलेटं हलवतो आणि बोलतो अस्सल ब्राबांटची, म्हणजे या भागातली, डच. पहिल्यांदा बायकोबरोबर मिडवाइफकडे गेला ती गोष्ट त्याने दोन्ही आवाज काढून सांगितली होती.

"काउंटरवरची पोरगी मला विचारते, तुम्ही दुभाषे का? म्हटलं, नाही, मी बाप. तर म्हणते, अच्छा. मग दुभाषे कुठे आहेत?"

सगळे खो खो हसले. हसता हसता एकेकाचं हसू थांबत गेलं, कारण प्रत्येकाला आपापला काउंटर आठवला असावा. शाळेच्या फाटकापाशी ‘कुणाला न्यायला आलात’ असं फक्त आपल्यालाच विचारलं जातं, बायको वेणांमध्ये ओरडते तेव्हा नर्स आपल्याला लांब उभं राहायला सांगते, अशा गोष्टी तिथे बोलल्या जायच्या. त्या सांगताना पुरावा द्यावा लागत नव्हता, म्हणूनच तर ते तिथे येत होते. स्टॅनलीकाका त्यांच्याकडून तालीम करून घ्यायचे. टेबल म्हणजे पलंग, स्वतः काका डॉक्टर. "प्रश्न दोनदा विचारायचा. पहिल्यांदा शांतपणे. दुसऱ्यांदाही शांतपणे. पण उभं राहून." मग बाहुलीला आंघोळ घालायची, मान कुठे धरायची, नाळ पडेपर्यंत काय करायचं. मोठमोठे हात आणि ती प्लास्टिकची बाहुली. कोफीने एकदा तिला टबात उलटी धरली तेव्हा काका म्हणाले, "हे पॅलेट नाहीये, कोफी."

आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका काकांनी मला बाजूला घेतलं. "तू म्हणे शनिवारी त्या काळ्यांच्या क्लबात जातोस? जरा बघून हं." मी म्हणालो, "चहा करतो तिथे." एवढंच म्हणालो. मग आरती सुरू झाली. आरतीत मला आमच्या लग्नाआधी प्राजक्ताच्या मावशीने माझ्या रंगाविषयी उच्चारलेलं वाक्य आठवत राहिलं. तिनेही असंच बाजूला घेऊन सांगितलं होतं, फक्त मला नव्हे, प्राजक्ताला.

प्राजक्ताला दिवस गेल्याचं मी गटात सांगितलं नव्हतं. सांगायचा धीर होत नव्हता. ती जागा त्यांची, त्यांनी कष्टाने मिळवलेली, तिथे आपण आपलं गाणं कशाला गायचं. पण एका शनिवारी मी बाहुलीच्या आंघोळीकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघत असणार. स्टॅनलीकाकांनी विचारलं, "बेटा, कितवा?"

"सातवा."

एकच ओरडा झाला. कोफीने माझ्या पाठीत गुद्दा घातला. मी म्हणालो, "पण हा गट तर तुमच्यासाठी आहे." काका म्हणाले, "बरोबर. जागा आमची आहे. म्हणून कुणाला बसवायचं ते आम्ही ठरवणार. पण खुर्ची बापांची. पोर झालं की बस. तोवर दूध कमी घाल, चहा पांचट होतो."

आता ठोकळ्यांविषयी. या देशात बाळंतपणानंतर आठवडाभर घरी एक बाई येते. ती बाळंतिणीचं बघते, बाळाचं बघते, नव्या बापाला डायपर लावायला शिकवते. तिची पाठ जायला नको म्हणून पलंग कमरेच्या उंचीला आणून ठेवावा लागतो, म्हणजे चारी पायांखाली ठोकळे द्यायचे. लोक ते भाड्याने आणतात. या गटाचे मात्र स्वतःचे होते. स्टॅनलीकाकांनी मुलीच्या वेळी कारखान्यातल्या बाद लाकडातून केलेले, काळपट, वजनदार. ते घराघरांतून फिरत आले होते. आणि एक रीत होती. ज्याच्याकडे ते असतील त्याने पुढच्या घरी देण्याआधी ठोकळ्याच्या तळाशी आपल्या बाळाचं नाव लिहायचं. पेनाने, खडूने, कुणी चाकूने कोरलेलं. तळाशी म्हणजे पलंग उभा असताना कुणाला न दिसणारं.

आठव्या महिन्यात ते आमच्याकडे आले. पुढे पेटी असलेल्या सायकलवरून काकांनी स्वतः आणले. कोफीने एका हाताने पलंग उचलून धरला. प्राजक्ता म्हणाली, "अहो, दोघं मिळून उचला ना, कंबर लचकेल." हे ती कोफीला मराठीत म्हणाली. "काय बोलली ही?" कोफीने विचारलं. मी म्हणालो, "तू बलवान आहेस म्हणाली." मग प्राजक्ता पलंगावर चढून बसली आणि तिचे पाय हवेत लोंबकळत राहिले. "बैलगाडीत बसल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली, आणि पाय हलवत राहिली. त्या महिन्यातलं मला सगळ्यांत स्वच्छ आठवतं ते एवढंच.

बाकी तयारी आम्ही केली नव्हती. बाळ येण्याआधी नवं काही आणायचं नाही, हे दोन्ही घरांत सांगून ठेवलेलं. आईने जुन्या सुती साडीची दुपटी शिवून पाठवली होती, तेवढीच. मुलगा की मुलगी हेही विचारलं नव्हतं. इथे सांगतात, पण न विचारायची सवय अंगात मुरलेली. नाव मात्र ठरलं होतं, मुलीचं एक आणि मुलाचं एक. ते दोघांत. आमच्याकडे नाव बारशाला आत्या ठेवते, बाळाच्या कानात कुर्रर्र करून, आणि तोवर ते मोठ्याने म्हणायचं नाही. माझी ताई व्हिडिओ कॉलवर करणार होती. तिने त्यासाठी फोनसुद्धा बदलला होता.

मग ती जन्मली. गुरुवारी सकाळी. केस खूप होते. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून आमच्याकडे दिलं आणि विचारलं, "हिला काय म्हणू?" प्राजक्ताने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही अशी. मग नर्स तिला नुसतंच "मैश्ये" म्हणत राहिली. म्हणजे मुली. टोपी घालताना म्हणायची, "थांब हं, मुली."

आईचा फोन आला तेव्हा तिने रडून घेतलं आणि मग म्हणाली, "नाव-बिव काही ठेवू नका रे. नाव ठेवलं की विसरायला जड जातं." मागे गिरणी बंद होती. दिवसा गिरणी बंद असल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आण्णा फोनवर आले. मग ते म्हणाले, "जेवलास का?" इतक्या हळू, की मला तो त्यांचाच आवाज आहे हे कळायला वेळ लागला.

बाळंतिणीची बाई ठरल्याप्रमाणे आली. बाळ नसलं तरी ती येते, आईसाठी. उंच पलंगापाशी उभी राहून ती प्राजक्ताचं सगळं करायची. मंडळातल्या बायका डबे घेऊन आल्या, डिंकाचे लाडू, मेथीची भाजी. त्या आत प्राजक्तापाशी बसायच्या, दार लोटून. त्यांचे नवरे बाहेर माझ्याबरोबर बसायचे आणि आम्ही भाड्याच्या घरांविषयी बोलायचो. जाताना एकजण म्हणाला, "तिला सांभाळ." बरोबरच होतं. मी सांभाळत होतो. भांडी घासत होतो, डबे धुऊन परत करत होतो. फक्त रात्री झोपायला त्या पलंगावर चढताना जमिनीपासून पाय सुटायचे तेव्हा एक क्षण वाटायचं, आपण कुठे आहोत. आठवडा झाला, बाईचं येणं थांबलं. पलंग खाली घ्यायला हवा होता. ना प्राजक्ताने विषय काढला, ना मी.

शनिवारी मी समाजकेंद्रात जात राहिलो. तिथे सगळ्यांना कळलं होतं. पहिल्या दिवशी कोफीने उठून चहा केला, वाईट केला, आणि पहिला कप मला दिला. ओळख फिरत किटलीपर्यंत आली. मी म्हणालो, "मी चहावाला." या वेळी कुणी हसलं नाही.

कोफीच्या बायकोचे, आबेनाचे, दिवस भरत आले होते. ठोकळे त्याच्याकडे जायचे होते. आणि इथे मी एक गोष्ट केली जी तेव्हा मला अगदी शहाणपणाची वाटली. ज्या पलंगाखालून हे निघणार, ते उचलून येणाऱ्या बाळाच्या घरी कसे द्यायचे? आमच्याकडे असल्या घरातली सुईसुद्धा कुणी नेत नाही, आणि देणाराही देत नाही. मी दुकानात जाऊन नवे आणले. राखाडी प्लास्टिकचे, पोकळ, एकात एक बसणारे. शनिवारी टेबलावर ठेवले.

"हे काय?" स्टॅनलीकाका म्हणाले.

"नवीन आहेत. हलके आहेत."

"आपले कुठे आहेत?"

"घरी."

"घरी कुठे?"

"पलंगाखाली."

काकांनी चष्मा काढला. "पलंग अजून वरच आहे?"

मी समजावायला गेलो. आमच्यात कसं असतं, कोफीच्या बाळाला काही लागू नये म्हणून, असं बरंच. माझी डच मध्येच संपली, मग इंग्रजी संपली. कोफी तोवर एक प्लास्टिकचा ठोकळा हातात घेऊन उलटा करून बघत होता.

"ह्याच्यावर पेन उठत नाही," तो म्हणाला. "मी दुपारी येतो तुझ्या घरी."

तो आला तेव्हा पाऊस नव्हता, पण सगळं ओलं होतं. प्राजक्ताने दार उघडलं. ती त्या दिवसांत कुणाला दार उघडत नसे. कोफी बूट काढून आत आला, पलंग एका हाताने उचलून धरला आणि मला म्हणाला, "काढ." मी एकेक ठोकळा काढला. पलंग खाली आला. खोली एकदम मोठी दिसायला लागली.

कोफी जमिनीवर मांडी घालून बसला आणि त्याने ठोकळे उलटे केले. ग्लेनिस. मार्व्हिन. पुढे कितीतरी, एकमेकांना खेटून, काही पुसट. एका कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी जागा मोकळी होती. त्याने खिशातून जाड पेन काढून माझ्यापुढे धरलं.

"नाव."

"नाव नाही ठेवलं," मी म्हणालो.

"नावाशिवाय मी नेणार नाही."

"कोफी, तुझ्या घरी बाळ येणार आहे. असं नको करू."

"म्हणूनच," तो म्हणाला. "आबेना त्या पलंगावर झोपणार, माझं पोर झोपणार. त्यांना खालून कोणी कोणी उचलून धरलंय ते मला माहीत पाहिजे." मग त्याने विचारलं, "दिवस कोणता होता?"

"गुरुवार."

"मग ती याआ. आमच्यात मोठं नाव आठव्या दिवशी ठेवतात, पण एक नाव ज्या दिवशी जन्मलास तो दिवसच देऊन टाकतो. मी शुक्रवारचा म्हणून कोफी. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. तू ठेव नाहीतर नको ठेवू, ती याआ आहेच."

मी पेन हातात धरून बसलो. दाराशी प्राजक्ता उभी होती. तिला डच माझ्यापेक्षा चांगली कळते.

"तिला नाव आहे," ती म्हणाली. डचमध्ये, कोफीला. मग मराठीत, मला, "ताईंना फोन लाव."

मी म्हणालो, "आई म्हणाली होती..."

"आईंना नको लावू. ताईंना लाव. नाव आत्या ठेवते."

फोन लागला. बार्शीला संध्याकाळ होत आली होती. प्राजक्ताने सांगितलं काय ते. मागे गिरणीचा पट्टा फिरताना ऐकू येत होता, म्हणजे ताई माहेरी आलेली. मग आवाज लांब गेला, ती कुठेतरी आडोशाला, पोत्यांच्या मागे गेली असावी.

"कान कुठाय तिचा?" ताईने विचारलं.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. प्राजक्ताने फोन खाली नेला आणि त्या लाकडाच्या मोकळ्या जागेपाशी धरला. "धरलाय," ती म्हणाली.

"कुर्रर्र," ताई म्हणाली. बारीक, लाजल्यासारखं. आणि मग नाव.

"आता तुमच्या पाठीत धपाटे कोण घालणार?" प्राजक्ताने विचारलं. बारशाला आत्याच्या पाठीत बायका धपाटे घालतात.

"येशील तेव्हा घाल तू," ताई म्हणाली. "मोजून नको घालू, भरपूर घाल." आणि तिने फोन ठेवला.

मी लिहिलं. लाकूड जुनं आणि तेलकट, पेन अडखळत होतं, प्रत्येक रेघ दोनदा ओढावी लागली. डोक्यावरची रेघ ओढताना हात थोडा वाकडा गेला. कोफी शेजारून बघत होता. "सुंदर दिसतं," तो म्हणाला. "दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं." त्याने चारही ठोकळे छातीशी धरले, बूट घातले आणि तो निघून गेला. मला अजूनही काही वाटलं नव्हतं. मी पलंगाच्या काठावर बसलो आणि माझे पाय जमिनीला टेकले.

कोफीला मुलगा झाला. मिडवाइफकडे काउंटरवर दुसऱ्यांदा विचारण्याची वेळ आली होती म्हणे, आणि त्याने ते शांतपणे, उभं राहून विचारलं. त्या शनिवारी त्याने सगळ्यांसाठी टोस्ट आणले, लोण्यावर निळ्या-पांढऱ्या गोळ्या पसरलेले. इथे बाळ झालं की हेच वाटतात, मुलासाठी निळ्या गोळ्या, मुलीसाठी गुलाबी. आतून त्या गोळ्या म्हणजे आपली साखरेच्या पाकातली बडीशेप. मी दोन खाल्ले. चव कळली. बऱ्याच दिवसांनी कशाची तरी चव कळली, एवढं नोंदवून ठेवतो. त्याहून जास्त काही घडलं असं म्हणता येणार नाही.

आता पुन्हा पानगळ. माझी पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. प्राजक्ता सकाळच्या गाडीने ब्रेडाला जाते, संध्याकाळी येते, कधी बोलते, कधी नाही. आण्णा फोनवर परत ओरडायला लागलेत आणि मला ते बरं वाटतं. सुपरमार्केटच्या फळीवर त्या गोळ्यांची गुलाबी पाकिटं असतात. मी त्या फळीवरून वळसा घालून जात नाही, आणि थांबतही नाही.

काल शनिवार होता. कोफी ठोकळे परत घेऊन आला, कडेवर पोरगं, ज्याला पोत्यासारखं धरायची त्याची सवय अजून गेलेली नाही. एक नवा मुलगा आला होता, जेरोम, आई-वडील कुरासावचे. दिवाळीच्या सुमारास त्याच्याकडे बाळ येणार. अंगावर कामाचं जॅकेट, आल्यापासून गुडघा हलवत बसलेला. ओळख गोल फिरायला लागली, त्याच्यापाशी आली. "मी जेरोम, आणि मी वाट बघतोय," तो घाईघाईने म्हणाला. समोर ठोकळे होते. काकांनी त्याला रीत सांगितली. त्याने एक उचलला, वजन बघितलं, उलटा केला आणि तोंडातल्या तोंडात एकेक नाव वाचू लागला. कोफीच्या मुलाचं वाचलं. मग त्याच्या शेजारच्या नावापाशी थांबला.

"हे कुठल्या भाषेत आहे? काय लिहिलंय?"

स्टॅनलीकाकांनी बिस्कीट चहात बुडवलं होतं, ते त्यांनी तसंच धरून ठेवलं, आणि त्याचा ओला तुकडा कपात पडला. किटली उकळली. खटका आपोआप बंद झाला.

"रेवा," मी म्हणालो. या खोलीत ते नाव मी पहिल्यांदा म्हणत होतो. माझा आवाज गिरणीत बोलल्यासारखा मोठा आला. "माझी मुलगी."

जेरोमने मान डोलावली. ठोकळा सुलटा करून खाली ठेवला, मग माझ्याकडे वर बघितलं. तो नवा होता, त्याला आमचं काहीच माहीत नव्हतं.

"मग उभा का आहेस?" त्याने विचारलं.

कोफीने पायाने एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी बसलो.